ज्यांचा निकाल, त्यांना आत बोलवा

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लखनौच्या इंदिरा नगर बाजारात लौकी, म्हणजे आपला दुधी, निवडत होतो. पलीकडून भाची अश्विनी बोलत होती. "मामा, पापा नहीं रहे. आप सीधे घर आ जाइए." मी "अच्छा" म्हणालो. असल्या वेळी माणूस काहीही बोलतो. भाजीवाल्याला पैसे दिले, लौकी त्याच्याकडेच राहिली, आणि वृंदावन योजना या त्यांच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रिक्षात बसल्यावर आठवलं, की आमचं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं. आमच्या कॉलनीच्या कमिटीनं चौकीदाराला काढायचं ठरवलं, हे मी त्यांना सहज सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, तो स्वतः बैठकीला होता का? नव्हता, मी म्हटलं. "मग ती बैठक नाही, कुजबुज आहे," असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

मधुकर रामटेके, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरी केंद्र सरकारच्या अर्थखात्यात. माझं आयुष्य इथल्या एका प्रयोगशाळेत गेलं, त्यामुळे ते लखनौला राहायला आले तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. कारण त्यांचा तो हट्ट. ज्याच्याबद्दल बोलायचं, तो माणूस खोलीत हवा. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी रंगात आली होती, तर यांनी ती ऑफिसातून येईपर्यंत सगळ्या पाहुण्यांना चहावर चहा पाजत बसवून ठेवलं. पाहुणे घड्याळ बघतायत, आणि हे लखनौच्या उन्हाळ्यावर बोलतायत! मला तर त्यांचा गळाच धरावासा वाटला होता.

हा हट्ट त्यांना महागात पडला, ती गोष्ट त्यांनी मला एकदाच नीट सांगितली. देशांना कर्ज देणारी जी मोठी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या मंडळात लहान देशांना स्वतःची खुर्ची नसते. चार-पाच देशांत मिळून एक. भाऊजी काही वर्षं तिकडे अमेरिकेत होते, भारताच्या संचालकांचे सल्लागार म्हणून, आणि त्याच खुर्चीच्या आधारानं बेटांचा एक चिमुकला देश उभा होता. त्याचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या देशाचे हप्ते थकले. हप्ते थकणं एक वेळ चालतं, पण 'हा देश सहकार्यच करत नाही' असा शिक्का बसला की बाकीचे सावकारही दार लावून घेतात. तेलाचं जहाज बंदरात शिरायच्या आधी रोख मागतं, औषधवाले उधारी बंद करतात. हा शिक्का मारायचा की नाही, याचा अंदाज घ्यायला मोठ्या देशांच्या प्रतिनिधींची अनौपचारिक बैठक ठरली. अशा बैठकीला कर्जदाराला बोलवायची रीत नाही. संचालक प्रवासात होते, म्हणून खुर्चीत भाऊजी. दिल्लीचा निरोप स्पष्ट होता. जास्त बोलू नका, मोठ्यांशी आपलीही कामं असतात.

त्या देशाच्या अर्थसचिव बाई मात्र लांबचा प्रवास करून येऊन पोचल्या होत्या, आणि खाली स्वागतकक्षात मांडीवर कोट घेऊन बसल्या होत्या. भाऊजी त्यांना नमस्कार करून वर गेले. वर चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, ते पत्रांना उत्तरं देत नाहीत. दुसरा म्हणाला, त्यांची माणसं भेटतच नाहीत... भाऊजी उठले, लिफ्टनं खाली गेले आणि बाईंना घेऊन आले. त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, "ही इथली पद्धत नाही." भाऊजींनी उत्तर दिलं, "या भेटत नाहीत असं आत्ताच कुणी म्हणालं. या भेटल्या."

गंमत पुढेच आहे. भाऊजींनी त्या देशाच्या वतीनं खपून एक निवेदन तयार केलं होतं, की यापुढे सगळे हप्ते वेळेवर भरले जातील. बाईंनी ते न वाचता बाजूला सारलं आणि सांगितलं, पुढचा हप्ता आम्हाला भरता येणार नाही. वादळात आमचं बंदर गेलं. ते उभं राहीपर्यंत वेळ द्या, तोवर दर महिन्याला मी स्वतः इथे येऊन आमची परिस्थिती सांगत जाईन. भाऊजी भिंतीशीच उभे राहिले. "माझं निवेदन गेलं पाण्यात," ते मला म्हणाले, "पण मध्ये बोलायची सोय कुठे होती? मीच बसवलं होतं ना त्यांना!" शिक्का त्या दिवशी बसला नाही आणि पुढेही बसला नाही. समोर बसून खरं सांगणाऱ्या बाईला असहकारी म्हणायचं कुणी?

भाऊजींनी देश वाचवला, असं मी म्हणणार नाही. बंदर त्या लोकांनी बांधलं. भाऊजींची मुदतवाढ तेवढी गेली आणि बदली झाली ती लखनौच्या एका प्रशिक्षण संस्थेत, नव्या अधिकाऱ्यांना बैठकीचे नियम शिकवायला. सरकारलाही विनोदबुद्धी असते. ते कडवट झाले का? झाले, थोडे. बरोबरीचं कुणी टीव्हीवर दिसलं की चॅनेल बदलायचे. त्यांना संत करायची मला हौस नाही.

ताईचं म्हणणं, याचं मूळ त्यांच्या लहानपणात आहे. गावच्या चावडीवर त्यांच्या वडिलांच्या घराच्या जागेचा निकाल झाला, तेव्हा वडील चपला हातात घेऊन पायरीखाली उभे होते, आणि आत काय ठरलं ते त्यांना शिपायाकडून कळलं. भाऊजी तेव्हा त्यांचं बोट धरून होते. मला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही, म्हणून मी त्या दोन गोष्टींची गाठ मारत नाही. ताई मारते, आणि ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

भाऊजींसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, माणसं जयभीम करून पांगली. बैठकीच्या खोलीत अश्विनी, तिचा नवरा, बंगळूरहून आलेला भाचा राहुल आणि मी असे उरलो. ताई आत भांडी लावत होती. राहुल म्हणाला, "मम्मी को मैं अपने साथ ले जाता हूँ. फ्लैट किराये पर दे देंगे." जावई म्हणाले, "हाँ, यहाँ अकेली कैसे रहेंगी?" मीही म्हटलं, खरंय, इथे आता काय राहिलंय. मग सगळं भराभर ठरत गेलं. सामान कुणी न्यायचं, कपाट कुणाला द्यायचं, तिच्या गुडघ्यांना तिकडची हवा किती बरी... सगळ्यांचं तिच्यावर प्रेम होतं, यात शंका नाही. अश्विनी मात्र बोलता बोलता थांबली. "हम लोग ये क्या कर रहे हैं?" म्हणाली, आणि उठून आत गेली. ताईला हाताला धरून बाहेर घेऊन आली, आणि स्वतःच्या जागेवर बसवलं.

ताईचे हात ओले होते. तिनं ते पदराला पुसले. "काय ठरवून राहिले तुम्ही?"

राहुलनं अडखळत सगळं सांगितलं. ताईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला अजून काहीच समजून नाही राहिलं रे," ती म्हणाली. "थोडा वेळ द्या मला."

"ठीक है मम्मी," राहुल म्हणाला. "जितना चाहिए."

फोन आल्यापासून माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तेव्हा आलं.