एजंटबाईंना माहीत होतं

बॅगवाल्या काकूंचं आयुष्य दुसऱ्यांच्या प्रवासाची तयारी करण्यात गेलं. काका दुकानात पुढे बसून बॅगांची चाकं बदलायचे, अडकलेल्या चेनी सरळ करायचे. काकू मागच्या खोलीत शिवणयंत्रावर फाटलेलं अस्तर शिवायच्या. एखाद्या बॅगेच्या कप्प्यातून समुद्राची वाळू निघायची, ती काकू लगेच झाडून टाकायच्या नाहीत. आधी काकांना हाक मारून दाखवायच्या.

"आपल्या बॅगा जग पालथं घालून येतात आणि आपण इथंच ठाण मांडून," काका म्हणायचे.

"बसा, चहा गार होतोय," काकू म्हणायच्या.

लेक लग्नानंतर परदेशी गेली होती. तिला मुलगी झाली आणि आईबाबांनी यायलाच हवं म्हणून तिनं हट्ट धरला. काकूंनी आधी नन्नाचा पाढा लावला. दुकान कोण बघणार, गुडघ्यांचं काय, विमानात जीव घाबरा झाला तर? काका मात्र हरखून गेले. काकूंची समजूत त्यांनीच घातली.

विम्यासाठी दोघं चौकातल्या ट्रॅव्हल एजन्सीत गेले. एजंटबाईंनी शांतपणे समजावलं, "साध्या विम्यात सामान हरवलं, विमान रद्द झालं, अचानक आजारी पडलात, तर खर्च मिळतो. पण आधीपासूनचं दुखणं त्यात बसत नाही. तसं काही असेल तर दुसरा घ्यावा लागेल. तो महाग पडतो, पण तोच उपयोगाचा. मात्र काही लपवू नका. ऐन वेळी कंपनी हात वर करते."

"माझे गुडघे सोडले तर काही नाही," काकू म्हणाल्या. "आणि ह्यांना तर साधी सर्दी होत नाही. साधाच द्या."

काका हसले. "उद्या येऊन पैसे भरून जातो," म्हणाले.

लेकीकडचे पहिले दिवस फार सुखाचे गेले. नात काकूंच्या मांडीवर झोपायची आणि पायाला मुंग्या आल्या तरी काकू हलायच्या नाहीत. काका बाबागाडी घेऊन तळ्याकाठी फिरायला जायचे. एकदा परत आल्यावर गाडीचं एक चाक करकरतं म्हणून त्यांनी ते खोलून दुरुस्तही केलं.

एका सकाळी ते नाश्त्याच्या टेबलावरून उठले आणि उभ्या उभ्या खाली कोसळले. लेकीनं रुग्णवाहिका बोलावली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिनं विमा कंपनीला फोन लावला, बराच वेळ बोलली आणि आईकडे वळली.

"आई, ते म्हणतात, खर्चाची काळजी करू नका. बाबांच्या हृदयाच्या दुखण्याची त्यांच्याकडे नोंद आहे."

"कुणाच्या हृदयाच्या?"

"बाबांच्या."

"दुसऱ्याच कुणाचं तरी बघत असतील. नीट विचार."

लेकीनं नाव, जन्मतारीख पुन्हा सांगून विचारलं. नोंद काकांचीच होती.

काका शुद्धीवर आले नाहीत. पुढचं सगळं कंपनीनं केलं. हॉस्पिटलचं बिल, कागदपत्रं, त्यांना घरी आणण्याची व्यवस्था, काकूंचं तिकीट. भेटायला येणारे म्हणायचे, "विमा चांगला होता म्हणून बरं, नाहीतर दुकान विकावं लागलं असतं." काकू मान डोलवायच्या.

येणंजाणं कमी झाल्यावर त्या एकट्याच एजन्सीत गेल्या. एजंटबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी एकटे आले होते ते. म्हणाले, वर्षभरापासून गोळ्या चालू आहेत, दुकानात ठेवतो. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नव्हती. म्हणून मी दुसरा विमा काढून दिला. काकूंना सांगा, असं मी दोनदा म्हटलं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, सांगितलं तर ती घरातून पाऊल बाहेर टाकणार नाही. नातीला एकदा मांडीवर घेऊ दे, परत आल्यावर सांगतो."

काकू खाली बसल्या. "सांगताना घाबरले होते का हो?"

"आधी पाणी मागितलं. मग हळूहळू सगळं बोलले. जाताना म्हणाले, बरं वाटलं बोलून, घरी कुणाशी बोललो नव्हतो."

"घरी मीच होते," काकू म्हणाल्या.

आपण हे उगाच सांगितलं, असं एजंटबाईंना झालं. पण काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही, बाई. विमा योग्यच दिलात."

लेक फोनवर समजूत घालते. बाबांनी तुझ्यासाठीच केलं, तुला त्रास नको म्हणून. काकूंना ते पटतं. कळलं असतं तर आपण गेलोच नसतो, हेही त्या कबूल करतात. "पण त्या वर्षभरात मी ह्यांच्याशी दुकानावरून, मिठावरून भांडले गं," त्या म्हणतात. "माहीत असतं, तर तेवढं तरी भांडले नसते मी."

दुकान त्यांनी बंद केलं नाही. आता त्या पुढे बसतात. चाकं बदलायला त्यांना अजून वेळ लागतो, बोटं सोलवटतात. गिऱ्हाईक घाई करायला लागलं, की त्या मान वर न करता म्हणतात, "थांबा जरा. हे काम ह्यांचं होतं."