दाराजवळची खुर्ची

कोसाडच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तो जालन्याकडचा फिटर कायम दाराशी, शेवटच्या बाकावर बसायचा. यंत्रमागांच्या खडखडाटानं त्याचे कान गेलेले. बोलायचा ओरडून, आणि गाताना सगळ्यांच्या एक ओळ पुढं पळायचा. मला त्याचा राग यायचा.

एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या पौलाच्या पत्रातला 'कारभार चालवणं' हा शब्द उलगडून सांगितला. मूळ ग्रीक शब्द कुबेर्नेसिस, म्हणजे नावेचं सुकाणू धरणं.

मागून हा फिटर ओरडला, "साहेब, सुकाणूवाला बसतो कुठं?"

"नावेच्या मागच्या टोकाला."

"मंग बराबर हाय."

त्याच पावसाळ्यात तापीचं पाणी वसाहतीत शिरलं. आम्ही बायकापोरांसह एक दोर धरून शाळेकडं निघालो. त्यानं मला पुढं घातलं आणि स्वतः शेवटी राहिला.

"डावीकडं गटार उघडं हाय! थांबा, म्हातारी दमली!"

मला नुसतं पाणी दिसत होतं, त्याला आम्ही सगळे. एकही हात दोरावरून सुटला नाही.

पुढं मंडळीनं त्याला कारभार पाहणारा पंच म्हणून निवडलं. पंचांच्या खुर्च्या समोर, मंडळीकडं तोंड करून मांडलेल्या असतात. पाळकसाहेबांनी बोलावलं तसा तो आला, आपली खुर्ची उचलली आणि थेट दाराशी नेऊन ठेवली.

"हितून समदे दिसत्यात."

कुणी हसलं नाही. गाणं सुरू झालं. तो नेहमीसारखा एक ओळ पुढं पळाला, आणि त्या दिवशी आम्ही त्याला गाठायला धावलो.