खाटेवरच्या गाद्या

भंडारदऱ्याला धरणाकाठी तंबू भाड्यानं देणाऱ्या एका माणसाकडे मी दर हिवाळ्यात जातो. आपोआप हवा भरणाऱ्या पातळ गाद्या तंबूतून घरी नेताना तो गुडघ्यानं दाबत, सावकाश गुंडाळतो. कुणी तोंडानं फुंकू लागलं, की गादी काढूनच घेतो. "आत ओल धरती. बूच उघडा, तिची ती भरंल."

यंदा निघताना मी माझी गादी घट्ट बांधून, मोठ्या ऐटीत त्याच्या घरी नेऊन दिली. त्यानं ती सोडली, बूच उघडलं आणि खाटेवर पसरली. तिथं आधीच चार गाद्या होत्या. त्याची गोधडी खाली जमिनीवर.

"बांधून ठेवल्या की फुगायचं इसरत्यात," तो म्हणाला.

"मग तुम्हीच झोपा की त्यांच्यावर!"

"झोपलो हुतो एकदा. खालची भुईच कळंना. उठून बसलो."