कटल्याचा चारा आणि मर्सीबायचे फुगे

चिपळूणच्या वहिनी, गुडघा कसा आहे? जिना चढता येतोय, की अजून खालूनच हाका मारताय? बापूकाका, साखर उतरली का? उतरली नसेल तर कळवू नका. मागच्या वेळी साखरेचा आकडा आणि श्रीखंडाची वाटी एकाच निरोपात कळवलीत, मी निरोप दोनदा वाचला. नाशिकचे देसले मास्तर, नवे दात बसले का? नीट बसले नसतील तर पुढचं जपून वाचा, हसताना ताटात पडतील. आणि दुबईच्या पिंट्या, तुझी पाठ? खुर्चीत बसून बसून माणसाची पाठ जाते आणि पोट येतं, हे तुला मी आधीच सांगितलं होतं.

आम्ही विरारच्या फुलपाड्यात ठणठणीत. माझं दुखणं एकच, आणि ते फ्रीजरमध्ये असतं.

ते दुखणं म्हणजे माशांचा चारा. मी कोकणात खाडीकाठी वाढलो. गळाला कोळंबी लावायची, टाकायची, मासा ओढायचा, एवढंच शिक्षण. पण गोड्या पाण्यातले रोहू, कटला, मृगळ ही जात निराळी. ते वासावर चालतात आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखे प्रत्येक गोष्टीवर संशय घेतात. त्यांच्यासाठी पीठ मळावं लागतं, भाजलेली मेथी कुटावी लागते, हिंग लागतो. हे सगळं मी कोणाला न विचारता, चुकतमाकत शिकलो. मळलेलं पीठ टिकवायचं कसं, तेही. ताजा गोळा बाहेर ठेवला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो, अंडं घातलं असेल तर तेवढाही नाही. फ्रीजमध्ये आठवडा निघतो. फ्रीजरमध्ये महिना, दीड महिना. म्हणून आमच्या फ्रीजरमध्ये कायम एक डबा माझा. आमच्या सौ. सुमनबाईंना तो डोळ्यांत खुपतो. एकदा पाहुण्यांच्या सरबतातल्या बर्फाला हिंगाचा वास आला, तेव्हा त्या सर्वांसमोर म्हणाल्या, "आमच्याकडे मासे राहायला आहेत, आम्ही भाडेकरू."

तर गेल्या महिन्यात इंत्रूचा फोन आला. इंत्रू म्हणजे माझ्याबरोबर कारखान्यात शेजारच्या मशीनवर उभा राहिलेला माणूस. निवृत्त झाल्यावर तो वसईजवळच्या होळी गावी आपल्या वाडीत परतला. पालक, माठ, मोगरा, केळी असं काय काय करतो. वाडीच्या मधोमध त्याचं बावखळ आहे, म्हणजे पूर्वजांनी खणलेलं मोठं तळं. सगळं शिंपणं त्याच्यावर.

"भाऊ, तुझा तो घाणेरडा चारा घेऊन ये," तो म्हणाला. "सोमवारी मातीचा डंपर येतोय."

डंपर त्याच्या मुलाने, नेल्सनने, बोलावलेला. नेल्सनला बावखळ बुजवून तिथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्याचं म्हणणं, पाण्यात डासांशिवाय काही उरलेलं नाही. इंत्रूचं म्हणणं, त्यात कटला आहे, मी स्वतः बोटाएवढी पिल्लं हंड्यातून आणून सोडली होती. नेल्सन म्हणाला, "दाखवा. संडेपर्यंत एक मासा दाखवा, डंपर कॅन्सल." इंत्रूने शब्द घेतला. आणि त्या शब्दाचं ओझं टाकलं माझ्या डब्यावर.

शनिवारी सकाळी स्कूटर काढली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगतो: विरार पूर्वेकडून रूळ ओलांडून पश्चिमेला यायलाच निम्मा धीर संपतो, पण एकदा आगाशीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी वाड्या, सावली, मधूनच चर्चचा पांढरा मनोरा. वाटेत पेट्रोलपंप शोधत बसू नका, विरारलाच शंभराचं टाका, जाऊन-येऊन पुरतं. रस्ता सरळ धरलात तर खड्डेबिड्डे जमेस धरूनही नाश्त्याला होळीत पोचाल.

मी सरळ धरला नाही. राजोडीला वळलो. समुद्र बघायला, असं घरी सांगितलं. खरं कारण तळलेले बोंबील. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली मुंबईची पिकनिकवाली मंडळी गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावून बसली होती. खानावळीतल्या बाईंनी ताटली पुढे ठेवली आणि माझ्या पिशवीकडे बघून नाक उडवलं.

"काका, पिशवीत काय मेलंय?"

"चारा आहे. माशांचा."

"मग माशांना तिकडे नेऊन घाला ना. माझं गिऱ्हाईक उठून जाईल."

मी पिशवी बाहेर स्कूटरच्या हुकाला अडकवली. उन्हात. बोंबील कुरकुरीत होते, दुसरी ताटली झाली, सोबत बाजूच्या एका आजोबांशी गप्पा झाल्या, आणि होळीला पोचेपर्यंत माझा महिनाभर दगडासारखा जपलेला चारा खिरीसारखा हलत होता. मंडळी, हे पक्कं लक्षात ठेवा: गोठवलेला चारा एकदा पातळ झाला की त्याच दिवशी संपवायचा. परत गोठवलात तर त्याचा मासा होत नाही, नुसता वास होतो.

इंत्रू फाटकातच उभा होता. त्याने डबा उघडला, मिटला.

"भाऊ, मासा आधी पळून जाईल, मग मरेल."

तरी बसलो. बावखळ हिरवंगार, काठावर नारळ, एका बाजूला इंत्रूचा पंप. मऊ झालेला चारा गळावर टिकेना, पाण्यात पडला की विरघळून जाई. संध्याकाळपर्यंत एक बेडूक आला, त्याने आमच्याकडे बघितलं आणि तोही गेला. नेल्सन कामावरून आला, बॅग खांद्यावर तशीच, आणि काठावर उभा राहिला.

"अंकल, काय भेटला काय?"

"अजून उद्याचा दिवस आहे."

"पप्पा, सीरियसली. गेस्ट लोक ह्या पान्याकडे बघायला येनार? ट्यूबवेल मारू ना. तुम्हाला पंपाची झंझट नाय, डासांची पावडर मारायची नाय."

इंत्रू उकिडवा होऊन पाण्यात हात बुडवून बसला होता, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग घरच्या बोलीत काहीतरी म्हणाला. ती मला निम्मीच कळते, पण नेल्सन वळून आत गेला.

आता नवा चारा करणं भाग होतं. इंत्रूची बायको मर्सीबाय हिचं स्वयंपाकघर म्हणजे नुसतं भरलेलं घर. त्या दिवशी ती फुग्यांचं पीठ भिजवत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मैदा, अंडं, नारळाचं दूध, आंबवायला ताडी, आणि मग उकळत्या तेलात हाताने सोडलेले गोल गोळे. तळले की फुगतात, आतून पोकळ, हलके. सणासुदीला नाहीतर पाहुणा आला की करतात. पाहुणा मीच होतो.

"बाय, थोडा मैदा देतेस?"

"घे. अंडं पण घे. कटला काय खातो, मला काय ठाऊक."

"आणि ताडी?"

"ताडी माशाला की तुला?"

थोडी माशाला दिली. मैदा, अंडं, नारळाचं दूध, ताडी, वर माझी खिशातली मेथी आणि चिमूटभर हिंग. आंबूस वास माशाला आवडतो, रात्रभर मुरला की सकाळी गोळा तयार. फ्रीज रविवारच्या मटणाने भरलेला, म्हणून माझा टोप तिच्या टोपाशेजारी ओट्यावर ठेवला, तिनेच फडकं झाकलं. दोन्ही टोप ॲल्युमिनियमचे, दोन्ही फडकी पांढरी. आता तुम्ही हुशार मंडळी आहात, मी पुढे काही सांगायलाच नको. पण मला तेव्हा काही सुचलं नाही, कारण दुपारचे बोंबील अजून पोटात होते.

रविवारी घरची मंडळी चर्चमध्ये मिसाला गेली. मी माझा म्हणून एक टोप उचलला आणि काठावर जाऊन बसलो. पीठ सैल. गळाला लागेना, लागलं तर फेकताना अर्धं माझ्याच डोक्यावर. मी मनात ताडीला शिव्या घातल्या. थोडा कोरडा मैदा मळून गोळे घट्ट केले, ते टुपकन बुडाले आणि तळाशी जाऊन गपगार बसले. मिसाहून परतलेला इंत्रू चर्चच्या शर्टातच माझ्याशेजारी बसला.

"चावतंय?"

"मुंग्या. मला."

"भाऊ, नाय लागला तर?"

"लागेल रे."

"नाय लागला तर हे पानी मी कोनाला दाखवू?" तो म्हणाला. "बापाने मला इथे पोहायला टाकलं होतं. एकदम, कपड्यांसकट."

मी गळ बदलला. माणसाला काही सुचत नाही तेव्हा तो गळ बदलतो.

जेवायची हाक आली. पडवीत, बावखळाकडे तोंड करून, टेबल मांडलं होतं. मटणाचा रस्सा आणि मधोमध परातीत फुग्यांचा डोंगर. नेल्सनने पहिला फुगा तोडला, रश्शात बुडवला, चावला, थांबला.

"मम्मी, आज काय टाकलं?"

"जे दरवेळी टाकते ते."

"नाय. आज मसाला आहे काहीतरी. चांगला आहे पन." आणि त्याने दुसरा उचलला.

मी एक तोंडात घातला. मेथी. मग हिंग. मंडळी, स्वतःच्या हाताची चव माणूस अंधारात ओळखतो. मी चावायचा थांबलो, गिळताही येईना, थुंकताही येईना, समोर पाहुण्याला वाढणारी मर्सीबाय.

इंत्रूने माझं तोंड बघितलं. मग काठावरच्या टोपाकडे. मग परातीकडे. आणि इतका हसला की खुर्चीवरून घसरला.

"बाय! तू भाऊचा चारा तळलास!"

नेल्सनचा तोपर्यंत चौथा झाला होता. त्याने हातातला पाचवा ताटात ठेवला. मर्सीबायचा चेहरा मी वर्णन करणार नाही, मला त्या घरात परत जायचं आहे. ती माझ्याकडे वळली.

"आणि माझं पीठ कुठे आहे?"

"पाण्यात," मी म्हणालो.

"सगळं?"

"थोडं माझ्या केसांत."

तिने परात उचलली. पायऱ्या उतरून काठावर गेली आणि अख्खा डोंगर बावखळात उलटा केला. "घ्या, ज्याचं त्याने खा!" असं माशांना की मला, ते कळलं नाही.

फुगे बुडाले नाहीत. पोकळच ते, तरंगत राहिले, हिरव्या पाण्यावर पिवळे पिवळे. आम्ही तिघे पडवीतून बघत होतो. इंत्रू अजून डोळे पुसत होता. आणि मग एक फुगा हलला. बाजूला सरकला. त्याच्याखालून एक तोंड वर आलं, वरच्या बाजूला वळलेलं, माझ्या मुठीएवढं, आणि फुगा गडप. पाणी असं फुटलं की काठावरची मर्सीबाय भिजली.

"कटला," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी मला माझी अक्कल कळली. कटला वरच्या थरातला मासा, वर तोंड करून खातो. आणि मी दोन दिवस तळाशी गोळे पोचवत होतो, जिथे तो उतरतच नाही.

दुसरा फुगा गेला. तिसरा दोघांनी मिळून ओढला. आता पाण्यावर चार-पाच काळ्या पाठी फिरत होत्या, एक तर चांगली हातभर. इंत्रू पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरला, चर्चच्या पँटीसकट. "बघ! पानी बघ!" एवढंच ओरडत होता.

नेल्सन ताटातला फुगा उचलून काठावर गेला. हातातला तो पाचवा फुगा त्याने जरा वेळ धरून ठेवला, मग लांब फेकला. तो पडायच्या आत पाणी उसळलं. त्याने खिशातून मोबाईल काढला.

"हां भाई, कल का माटी मत भेजो... नहीं, कॅन्सल... अंदर मच्छी है... अरे नहीं, बडी मच्छी है।" मग फोन बंद करून माझ्याकडे वळला. "अंकल, हे पीठ किती दिवस टिकतं?"

गळाला लागलेले मासे शून्य. गळ लावलाच नाही पुन्हा. मर्सीबायने संध्याकाळी नव्याने पीठ भिजवून खरे फुगे तळले, मला कोपऱ्यात एका स्टुलावर बसवून, दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावून. रविवारी उशिरा निघू नका, राजोडीच्या पिकनिकवाल्यांच्या गाड्या परतत असतात आणि आगाशीत सगळं अडकतं. मी अडकलो. पिशवीतल्या गरम फुग्यांचा वास येत होता, म्हणून फारसं वाईट वाटलं नाही.

सुमनबाईंनी फुगे खाल्ले, उरलेले माझ्या डब्याच्या जागी फ्रीजरमध्ये ठेवले आणि जागा कायमची जप्त केली. माझ्याजवळ उरलं काय, याचा विचार केला. एक स्कूटरचा मळका हुक, आणि पाण्यात उभा असलेला इंत्रू. खोल्या होणार आहेतच. नेल्सन त्या आता वाडीच्या मागच्या कोपऱ्यात, पेंढ्याच्या जागी बांधतोय. पुढे काय होईल ते मी काय सांगू, मुलगा तरुण आहे आणि जागा महाग आहे. या उन्हाळ्यात मात्र पंप बावखळातच आहे.

त्यात आता शुक्रवार आला की नेल्सनचा फोन येतो. पेंड कोरडी ठेवली तर किती महिने? (खवट वास येईपर्यंत.) गांडुळं? (ओल्या गोणपाटात, सावलीत, आणि मर्सीबायपासून लांब.) परवाचा प्रश्न मात्र मला अडला. त्याने मका भिजवून ठेवलाय, चौथा दिवस आहे, वर फेस आलाय, आंबूस वास येतोय पण बुरशी नाही. मी म्हणतो चालेल. इंत्रू म्हणतो फेक. मर्सीबाय म्हणते दोघांनाही फेका. तुमच्याकडे कोणी असा मका वापरला असेल तर लवकर लिहा, दोन ओळी पुरतात. पोरगा रविवारी सकाळी पाण्यावर बसणार आहे.