मुठीतलं घुंगरू

शिगेनोच्या तागाच्या दोऱ्या गच्चीवर वाळताना दिसल्या की आमच्या गल्लीला कळायचं, आज बाईकडे कुणीतरी बांधून घ्यायला येणार. ओसाकाच्या गोदीमागची ही गल्ली. इथे कुणाचं काही झाकून राहत नाही, आणि झाकायची कुणाला हौसही नाही. बंद पडलेल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या माडीवर शिगेनो राहायची, खाली नोबुएचं ताकोयाकीचं दुकान. आप्पेपात्रासारख्या तव्यात ऑक्टोपसचे गोळे फिरवता फिरवता नोबुए वर बघून ओरडायची, "काय गं, आज पार्सल बांधायचंय वाटतं? नीट बांध हो, वाटेत सुटायला नको!"

"तुझं तोंड बांधायला दोरी शोधतेय," शिगेनो वरून म्हणायची. "एवढी लांब कुठे मिळत नाहीये."

शिगेनो पन्नाशी ओलांडलेली, रुंद हाडाची, कामापुरतं बोलणारी. ही विद्या तिला किरिए-सेन्सेई नावाच्या म्हाताऱ्या गुरुबाईंनी दिली. दोरी आधी उकळायची, ताण देऊन वाळवायची, मग ज्योतीवरून झर्रकन फिरवून वरची कुसं जाळायची आणि शेवटी तेलाचा हात फिरवायचा. पण दोरी हातात देण्याआधी सेन्सेईंनी शिगेनोलाच बांधलं होतं. बांधणाऱ्याने आधी बांधून घ्यायचं, हा त्या घरचा नियम. दुसरा नियम विचारायचा. प्रत्येक फेऱ्याआधी बांधणाऱ्याने "होय?" म्हणायचं आणि समोरच्याने तोंडाने "होय" म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालायची नाही. मान काय, नंदीबैलही हलवतो. पुढे दातात फडकं धरायचं असेल तर मुठीत घुंगरू द्यायचं. नको झालं की मूठ उघडायची. घुंगरू चटईवर वाजलं की आभाळ कोसळलं तरी आधी दोऱ्या सुटल्या पाहिजेत.

लोक याला चाळे म्हणतात. म्हणोत बापडे. ज्या गावात माणसाच्या दुखण्याची चावी कंपनीकडे असते, त्या गावाने शिगेनोला नावं ठेवावीत म्हणजे कमालच झाली!

चावी खरंच कंपनीकडे होती. गोदीवर लागणाऱ्या प्रत्येकाच्या मानेत लिंबोळीएवढी चकती बसवायचे. पाळी सुरू झाली की दुखणं बंद. बोट चेंगरो, पाठ मोडो, माणूस आपला काम करत राहायचा. भोंगा झाला की दिवसभराचं सगळं एकदम अंगावर यायचं, आणि चांगले दांडगे बाप्ये फाटकाबाहेर रस्त्यावरच बसकण मारायचे. होकार घेतला होता का त्यांचा? घेतला होता की! नोकरीला लागताना, एकदाच. त्यानंतर कुणी कुणाला काही विचारलं नाही.

इसाकू त्या गोदीत क्रेन चालवायचा. चकती नुसतं अंगाचं दुखणं थोडंच बंद करते, छातीतलंही बोथट करते. बायको वारल्याचा निरोप त्याला क्रेनच्या केबिनमध्ये मिळाला. त्याने "बरं" म्हटलं, मधल्या सुट्टीत डबा खाल्ला, मुळ्याचं लोणचं चवीने चावलं आणि पाळी पुरी केली. भोंगा झाल्यावर पाठ दुखली, गुडघे दुखले. बायकोचं तेवढं कुठे अडकून बसलं कोण जाणे. लोणच्याची चव मात्र त्याच्या जिभेवरून जाईना, आणि तिची त्याला शिसारी यायची.

असा तो शिगेनोच्या दारात उभा राहिला.

"शिगेनो-सान, मला रडता येत नाही. तुमच्याकडे काही उपाय आहे का?"

"मी डॉक्टर नाही, येड्या. मी दोऱ्या बांधते."

"मग बांधा."

दंडांवर फेरे पडले, हात पाठीमागे गेले, दोरी वरच्या बांबूवरून ओढली गेली, टाचा उचलल्या. आणि इसाकूच्या घशातून असा आवाज निघाला की खाली नोबुएने गॅस बंद केला. तो ढसाढसा रडला. बायकोचं नाव घेऊन, लोणच्याला शिव्या देऊन रडला. शिगेनोने दोऱ्या सोडल्या, कातडीवर उठलेल्या वळांवरून हात फिरवला आणि जवाचा गार चहा पुढे केला. तेव्हापासून दर सुट्टीला तो यायचा, वर्षानुवर्षं. प्रेम होतं का त्यांचं? होतं, न व्हायला काय झालं? शब्द दोघांनीही काढला नाही, पण फडताळात त्याचा कप वेगळा असायचा.

"इथे दुखतं ते माझं असतं," तो म्हणायचा. "मी मागितलेलं. आणि नको म्हटलं की थांबणारं."

"मग एकदा तरी नको म्हण की!" शिगेनो चिडवायची.

कारण इसाकूचं घुंगरू कधीच वाजलं नव्हतं. बांधून घेणाऱ्यांमध्ये ही मोठी फुशारकी असते. 'माझं घुंगरू नवंकोरं आहे' म्हणून चारचौघांत सांगतात. आणि खोटं कशाला बोला, शिगेनोलाही आतून त्याचा अभिमान होता. किरिए-सेन्सेई असत्या तर दोघांच्याही एकेक कानाखाली काढली असती. त्या म्हणायच्या, घुंगरू न टाकणारा शूर नसतो, तो फक्त सांगत नसतो.

त्या उन्हाळ्यात कंपनीने जाहीर केलं, की ओबोनचा, पितरं घरी येण्याचा सण संपून ती आपल्या ठिकाणी परत गेली की चकती कायमची चालू ठेवणार. रात्रंदिवस. दुखणं म्हणून नाहीच. गोदीत बाटल्या फुटल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. इसाकू तेवढा शिगेनोच्या चटईवर मांडी घालून बसून राहिला.

"ओबोनला बायको घरी येईल," तो म्हणाला. "तेव्हा एकदा नीट रडून घेऊ दे. नंतर मी दगडच. नंतर कुणी मेलं तरी मी लोणचं खाणार."

"मी मेले तरी?"

"तू मेलीस तरी."

शिगेनोने दोऱ्या उकळत टाकल्या.

ओबोनच्या दुपारी नोबुएच्या दारात पितरांना बसायला काडीच्या पायांचा काकडीचा घोडा ठेवलेला होता. इसाकू त्याला वळसा घालून जिना चढला. त्या दिवशी नोबुएनेही थट्टा केली नाही.

"होय?" शिगेनोने विचारलं.

"होय."

फेरा पडला. पुन्हा विचारलं, पुन्हा होय. तो म्हणाला, "अजून आवळ."

"एवढं तू कधी मागत नाहीस."

"शेवटचं आहे ना. आवळ."

तिने आवळलं. फडकं दातात, घुंगरू मुठीत. दोरी बांबूवरून ओढली तसा तो कण्हला, अगदी जिथे कण्हायचा तिथेच. खांदे थरथरले. डोळे मिटलेले. पण पाणी येईना. शिगेनोला ते दिसत होतं, तिला वाटलं, येईल, आत्ता येईल, आज यायलाच हवं. हात बधिर होत नाहीत ना, म्हणून मधूनमधून बोटं दाबून बघायची तिची नेहमीची सवय. त्या दिवशी तिने नुसती मूठ पाहिली. मूठ घट्ट होती, घुंगरू गप्प होतं. म्हणून तिने त्याला आणखी थोडा वेळ ठेवला, आणि मग आणखी थोडा.

सोडलं तेव्हा त्याचा उजवा हात मनगटातून लोंबला. बोटं आकडल्यासारखी वळलेली, आणि त्यांत घुंगरू अडकलेलं. ते तिलाच काढावं लागलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"हात, इसाकू! हात कधीपासून कळत नाही?"

"हातच कशाला," तो म्हणाला. "काल संध्याकाळपासून काहीच कळत नाही. सकाळी उकळता चहा पायावर सांडला, नुसतं ओलं लागलं. कंपनीने चकती आधीच कायमची चालू केलीय. सणाची भेट म्हणे."

"मग कण्हत होतास ते काय होतं?"

"मला पाठ आहे ना सगळं. कुठली दोरी कुठे चावते ते. वाटलं, कण्हता कण्हता येईल. आणि... तू दोऱ्यांना तेल लावून वाट बघत बसली होतीस. म्हटलं, तुझा तरी चेहरा पडायला नको."

शिगेनोने हात उगारला. मग खाली घेतला. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि लावून तरी त्याला काय कळणार होतं?

"प्रत्येक फेऱ्याला विचारलं मी तुला," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी होय म्हणालास. ज्याला दुखतच नाही त्याचं होय घेऊन मी काय करू?"

तिने तोंडावर दोन्ही हात घेतले आणि ती रडली. इसाकू समोर बसून बघत राहिला.

डॉक्टर म्हणाला, दंडातली शीर चिरडली आहे. हातात जोर परत येईल तर येईल. आला नाही. कंपनी म्हणाली, इजा गोदीबाहेरची, आमचा संबंध नाही. क्रेन मात्र आता दुसरा चालवेल. चकती काढा म्हटलं तर म्हणाले, ती काढायची सोयच केलेली नाही. शिगेनोने दोऱ्या फडताळात कोंबल्या आणि बांधून घ्यायला येणाऱ्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. "माझा हात गेलाय," एवढंच सांगायची. खरा कुणाचा गेलाय ते गल्लीला ठाऊक होतं.

इसाकू दिवसभर नोबुएच्या दुकानात बसायला लागला. पहिल्या दिवशी त्याने तव्यावरचा गोळा तसाच तोंडात टाकला, टाळूची सालं निघाली तरी चावत राहिला. तेव्हापासून नोबुए बशी आधी आपल्यापुढे ठेवायची. "थांब मेल्या, हपापल्यासारखं करू नकोस. फुंकर मारून देते." आणि फुंकर मारताना तोंड फिरवून डोळे पुसायची.

हिवाळ्यातल्या एका दुपारी शिगेनो जिना उतरून खाली आली.

"वर चल. मला बांध."

नोबुएच्या हातातली सळई थांबली. इसाकू म्हणाला, "एका हाताने?"

"दात आहेत ना?"

वर ऊन चटईवर आलं होतं. शिगेनो पाठ करून बसली. स्वतःच फडकं काढून ठेवलं, घुंगरू मुठीत घेतलं.

"विचार," ती म्हणाली.

"होय?"

"होय."

त्याने दोरीचं एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हाताने ओढलं. वेडेवाकडे फेरे पडत होते. प्रत्येक वेळी तो विचारत होता, ती होय म्हणत होती. मग तिने फडकं तोंडात घेतलं. किती ताण बसला ते त्याच्या हाताला कळतच नव्हतं. दोरी दंडात रुतली, नेमकी त्याची शीर गेली त्याच जागी. कळ बोटांपर्यंत उतरली. शिगेनोने समोरच्या काचेत त्याचा चेहरा पाहिला. किती महिन्यांनी तो माणसासारखा दिसत होता! कपाळावर आठी, जीभ दातात, गुंगलेला. तिला वाटलं, थोडं सोसू. काय बिघडतंय? बापड्याला एवढं तरी मिळू दे. आणि हे वाटलं त्याच क्षणी त्या दुपारी त्याने मूठ का मिटून धरली ते तिला कळलं. तिला त्याची इतकी माया आली आणि इतका रागही आला, की तिने मूठ उघडली.

घुंगरू चटईवर वाजलं.

इसाकू दचकला. मग हाताने, दातांनी, मिळेल तशी गाठ ओढत सुटला. "एवढ्यात? चुकलं का माझं? फार दुखलं का?"

तिने फडकं काढलं. "दुखलं. म्हणून टाकलं. एवढंच असतं ते, येड्या. दुखलं की टाकायचं."

इसाकूने घुंगरू उचललं, उजव्या हाताच्या मेलेल्या बोटांत बसवलं आणि डाव्या हाताने तो तळवा हळूच पालथा केला. घुंगरू पुन्हा वाजलं. इतक्या वर्षांत त्याचं पहिल्यांदाच.

शिगेनो उठलीच. नियम तो नियम. "सांग. काय सोडू?"

त्याने डावा हात मानेवर नेला, चकतीवर. "हे."

किरिए-सेन्सेईंनी तिला सगळ्या गाठी सोडायला शिकवलं होतं. शिगेनो त्याच्या मागे बसली, केस बाजूला केले आणि तिथे बोटांनी चाचपत राहिली.

"आहेस ना मागे?" इसाकूने विचारलं. तिची बोटं त्याला कळत नव्हती.