डावीकडची केबल

गाडीवेड्या बाईशी लग्न करू नये, असं माझा नवरा सगळ्यांना सांगतो. त्याच्या लेखी गाडी म्हणजे चार चाकं आणि वर छप्पर. जर्मनीत इतकी वर्षं काढूनही त्याने लायसन्स काढलेलं नाही. बसने जातो, बसने येतो आणि येता-येता झोप काढतो. मी मात्र पुण्यात बाबांच्या जुन्या गाडीवर, तिच्या त्या दगडासारख्या क्लचवर शिकले आणि त्या वेडापायी ऑटोमोबाइल इंजिनिअर झाले. इथे स्टिअरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत माझं काम म्हणजे नवं स्टिअरिंग टेस्ट ट्रॅकवर चालवून बघायचं आणि ते हाताला कसं लागतं ते सांगायचं. या कामाचा वर पगारही मिळतो, याची मला बरीच वर्षं गंमत वाटायची.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं जमायचो. एक वाल्डॉर्फचा मित्र, सॉफ्टवेअरवाला. दुसरा लुडविग्सहाफेनचा केमिस्ट. त्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, पण जगातल्या प्रत्येक इंजिनाची कुंडली त्याला पाठ. जमायची जागा वाल्डॉर्फवाल्याचा केलर, म्हणजे घराखालचं तळघर. एका भिंतीला तांदळाची पोती, पापडांचे डबे आणि मुलांच्या बर्फातल्या घसरगाड्या. दुसऱ्या भिंतीला त्याने स्वतः जोडलेला सिम्युलेटर: जुन्या रेसिंग कारची सीट, लोखंडी फ्रेम, पेडल, हाताला खरे झटके देणारं स्टिअरिंग आणि समोर अर्धगोलात तीन मॉनिटर.

चहा झाला की ठरलेला प्रश्न. "पैसा, बायको आणि पार्किंग, तिन्हीचा विचार करायचा नाही. कुठली गाडी?" माझ्या पाळीला 'बायको'च्या जागी 'नवरा' म्हणण्याची मेहेरबानी होई. वाल्डॉर्फवाल्याची गाडी दर शनिवारी बदले. केमिस्टला बारा सिलिंडरच्या खाली काही चालत नसे. माझं उत्तर एकच: छोटी, दोन सीटची, छप्पर मागे टाकता येणारी, हाताने गिअर टाकायची गाडी आणि ब्लॅक फॉरेस्टमधला वळणांचा रस्ता.

"अगं, स्वप्नातसुद्धा काटकसर?" केमिस्ट म्हणायचा.

"तुझ्या स्वप्नातल्या गाडीत तुझा पाय पेडलला पुरतो का, ते आधी बघ," मी म्हणायचे. तो तसा बुटकाच आहे.

मग सिम्युलेटर. तिथे माझ्यापुढे दोघांची डाळ शिजत नसे. ते ब्रेक लवकर मारायचे, वळणात घाबरायचे. मी बसले की दोघं मागे उभे राहून बघायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात मी धडकायला लागले. ट्रॅकवर कॉम्प्युटरच्या इतर गाड्या असतात, त्यातली एखादी डावीकडून यायची आणि मी थेट तिच्यावर जायचे. दरवेळी डावीकडूनच. "अरे, ही कुठून उगवली? स्क्रीनवर नव्हतीच!" मी ओरडायचे. पहिल्यांदा दोघं हसले. पण पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच, तेव्हा ते गंभीर झाले.

तीन इंजिनिअरी डोकी एका बिघाडावर बसली की काय होतं, ते बघण्यासारखं असतं. आधी डाव्या मॉनिटरची केबल बदलली. मग सीटपासून स्क्रीनपर्यंत टेप लावून मॉनिटरचा कोन नव्याने बसवला. मग केमिस्टने डावा मॉनिटर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. मी तरीही डावीकडेच धडकले.

"आल्झो, म्हणजे मॉनिटर निर्दोष सुटला," तो म्हणाला. "बिघाड सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"पण आपल्या दोघांना का येत नाही?" वाल्डॉर्फवाल्याने विचारलं.

"आपण तेवढ्या वेगात जातच नाही. हा वेगात गेल्यावरच येतो."

"गेनाऊ!" मी म्हणाले. मला ते शंभर टक्के पटलं होतं. वाल्डॉर्फवाल्याने सगळा प्रोग्रॅम पुसून नव्याने टाकला. केबल, कोन, मॉनिटर, प्रोग्रॅम, सगळं तपासून झालं. सीटवर बसलेलं माणूस तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यात चांगलं चालवणाऱ्यावर कोण संशय घेणार?

मग एका सकाळी लेकीला शाळेत सोडताना ती एकदम किंचाळली, "फारराड! फारराड!" मी मराठीत विचारावं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यावं, हे आमच्या घरात रोजचंच. फारराड म्हणजे सायकल. मी ब्रेक दाबला. डावीकडून आलेली एक म्हातारी बाई सायकलसकट बॉनेटसमोर एक पाय टेकून उभी होती. तिला लागलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली आणि निघून गेली. माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. तिथे ना मॉनिटर होता, ना केबल.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यांनी मला एका पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसवलं. आत कुठेही ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मला वाटलं, हे तर आपल्याच घरचं काम. उजवीकडे पटापट दाबलं. डावीकडे मात्र दिवाच येईना. मी तिथल्या बाईंना म्हणाले, "डावीकडचे दिवे एकदा तपासता का? बहुतेक बंद आहेत."

"चालू आहेत," त्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की मला कळलं.

काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो, आणि जे दिसत नाही ते मेंदू आपल्या मनाने भरून टाकतो. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली जपायची. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही गाडीने आलात का?"

"हो."

"परत जाताना चालवू नका. आज नाही आणि यापुढेही नाही."

बाहेर पार्किंगमध्ये माझी गाडी उभी होती. मी बोलावल्यावर नवरा बसने आला होता आणि किल्ली हातात घेऊन नुसता उभा होता. त्याला बिचाऱ्याला ती लावायची कुठे हेही ठाऊक नव्हतं. शेवटी वाल्डॉर्फवाल्याला फोन केला. तो ऑफिसातून आला आणि माझी सीट मागे सरकवून माझ्या जागेवर बसला. तो गिअर फार उशिरा बदलतो. इंजिन ओरडत होतं. "तिसरा टाक रे," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. त्याने तिसरा टाकला.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांनीही एक दिवस अचानक गाडी विकली होती, पुण्यात आता चालवण्यात मजा राहिली नाही म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "मीही थेंब घालतो गं. मजेचं काही नव्हतं." मी फोन ठेवून दिला. त्यांच्यावर चिडायलाही माझ्यात त्राण नव्हतं.

ऑफिसने मला टेबलावरचं काम दिलं. आता दुसरं कुणीतरी चालवतं आणि स्टिअरिंग हाताला कसं लागलं ते मला सांगतं. मी ते टाइप करते. सकाळी लेक, मी आणि नवरा बसने जातो. तो मला खिडकीची जागा देतो, जणू तेवढ्याने भागेल. तो चांगला आहे, आणि त्याच्या चांगुलपणाचाही मला राग येतो.

काही शनिवार मी गेलेच नाही. मग दोघं घरी येऊन मला केलरमध्ये घेऊन गेले. चहा झाला. कुठली गाडी, हे कुणी विचारलं नाही. शाळांचं बोलले, पापडांचं बोलले, केमिस्ट तर हवामानावर घसरला. मी वैतागून उठले आणि सिम्युलेटरवर जाऊन बसले.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. एकही गाडी दिसेना. वाटलं, सगळ्या आसपासच आहेत, आता उजवीकडच्याही मला दिसत नाहीत. तरी मी पूर्ण फेरी मारली. कुठे घासले नाही, कुठे धडकले नाही. मागून दोघांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

"बाकीच्या गाड्या कुठायत?" मी विचारलं.

वाल्डॉर्फवाला पापडांच्या डब्यांकडे बघत राहिला. त्याने ट्रॅक रिकामा करून ठेवला होता, माझ्यासाठी. लहान मुलाशी खेळताना आपण हरतो ना, तसं.

"परत सोड त्या."

"अगं, राहू दे ना आज."

"सोड म्हणते ना."

त्याने सोडल्या. मी पहिल्यापेक्षा वेगात गेले. डावीकडे सारखी मान वळवत होते, पण मान वळवली की समोरचा रस्ता सुटायचा. तिसऱ्या वळणावर स्टिअरिंगने हाताला जोराचा झटका दिला आणि तिन्ही स्क्रीन गरगरल्या. माझी गाडी गवतात जाऊन उलटी पडली. मी सीटवर तशीच बसून राहिले.

या वेळी केबल तपासायला कुणी उठलं नाही.