बिनमालकाची बुटकी

मी माफ करणाऱ्यांतली नाही. आई म्हणायची, हिने डूख धरला की मेल्याशिवाय सुटायचा नाही. खरंच आहे ते. आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीवर मी डूख धरला तो एका कुत्रीपायी, आणि तो कसा काढला ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

संपात गिरणी सुटल्यावर बाबांना जुहूच्या एका बंगल्यावर वॉचमनची नोकरी मिळाली. बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाईंकडे विलायतेची राणी पाळते तसल्या जातीची कुत्री होती, कॉर्गी. एवढी जपलेली, तरी ती एकदा फाटकातून सटकली आणि चौपाटीवरच्या कुठल्याशा गावठी कुत्र्याशी सूत जमवून आली. पिल्लं झाली तशी बाईंनी कपाळाला हात लावला. त्यातलं एक बाबा पिशवीत घालून जोगेश्वरीला घेऊन आले.

आईने पिशवीत डोकावून विचारलं, "अगो बाय, हिचे पाय खंय गेले?"

पाय होते, पण नावाला. बाकी सगळं कुत्रं पुरं होतं: कान उभे, छाती रुंद, पाठ लांबलचक, आणि बापाकडून आलेली वाकडी शेपूट. आम्ही तिला बुटकी म्हणायला लागलो आणि तेच राहिलं. बंगल्यातल्या बाईंनी बाबांना सांगितलं होतं की या जातीची कुत्री त्यांच्या मुलखात गुरं हाकतात. टाचेला हळूच चावा घ्यायचा आणि गुराने लाथ झाडली की खाली दबायचं, म्हणून पाय आखूड. आमच्याकडे गुरं कुठली? बुटकीने बिल्डिंगलाच गोठा मानलं. कंपाउंडमध्ये लपाछपी खेळणारी पोरं ती एकेक हुडकून एका कोपऱ्यात आणून उभी करायची. डाव मोडला म्हणून पोरं बोंबलायची, पण आया खूश असायच्या. दिवेलागणीला पोरांना हाका मारत फिरायला लागत नसे. आमच्यातलं कोणी घरी यायचं राहिलं असलं की ती उंबऱ्यावरून हलायची नाही. मला ओव्हरटाइम असला की आई म्हणायची, लवकर ये गं, नाहीतर ही जेवणार नाही.

एवढं सोडलं तर तिने नाकी नऊ आणले होते. केस इतके गळायचे की भातात केस, चहात केस, बाबांच्या खाकी पँटला तर कायमचं अस्तर. बांगड्याचं डोकं दिसलं की ती हावरट सगळी शिस्त विसरायची. जनावरांच्या डॉक्टरने बजावलं होतं की हिची पाठ लांब, हिला लठ्ठ होऊ देऊ नका आणि जिने चढू देऊ नका, एकदा कणा गेला की मागचे पाय गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाबा ड्युटीवरून येऊन दमलेले असले तरी तिला काखेत मारून खाली न्यायचे आणि वर आणायचे. गिरणी गेल्यापासून त्यांचं हसू हरवलं होतं. ते परत आलं ते हिला उचलताना.

आणि याच बुटकीवर तळमजल्यावरच्या सेक्रेटरीचा डोळा होता. एकदा ती त्याच्या टाचेला लागली. ओरखडासुद्धा नाही, धोतराची कड ओली झाली एवढंच. त्याने ते मनात ठेवलं. पुढे एका सकाळी आईने बुटकीला अंघोळ घातली, पट्टा काढून खिळ्याला अडकवला आणि तिला उन्हात वाळायला कंपाउंडमध्ये सोडलं. तेवढ्यात कुत्रे धरायची गाडी आली. पट्ट्याला लायसनचा बिल्ला असेल तर ती माणसं कुत्र्याला हात लावत नसत. बिल्ला वर खिळ्याला होता. मी गॅलरीतून पाहिलं, गाडीवरच्या चिमटेवाल्यांनी सेक्रेटरीला विचारलं, कोणाची ही? त्याने वर आमच्या गॅलरीकडे बघितलं, मला बघितलं, आणि सावकाश म्हणाला, "हिला कोणी मालक नाही."

मी ओरडत जिना उतरेपर्यंत गाडी निघून गेली होती. त्या गाडीतून गेलेली कुत्री मारून टाकतात हे सगळ्या मुंबईला माहीत होतं. बाबा बिल्ला मुठीत धरून तसेच कुत्र्यांच्या कोंडवाड्याकडे धावले. संध्याकाळी बुटकीला काखेत घेऊन आले, आणि रात्रीपर्यंत तिला खाली ठेवलं नाही. त्यानंतर खाली टेम्पो जरी वाजला तरी ती खाटेखाली शिरून मुतायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी सेक्रेटरीकडे जाऊन भांडले, तर म्हणे, मी ओळखलंच नाही हो. अख्ख्या जोगेश्वरीत तसलं दुसरं कुत्रं दाखव म्हणावं!

त्याला तेवढ्यावर समाधान नव्हतं. वर्षाच्या सभेची नोटीस लागली, त्यात एक विषय होता: इमारतीत जनावरं पाळण्यास बंदी, असतील ती महिनाअखेर हलवावीत. आम्ही हलवणार कुठे? बंगल्यातल्या बाई तोवर वारल्या होत्या. म्हणजे पुन्हा रस्ता आणि पुन्हा ती गाडी. बाबा नोटीस वाचून आले आणि न जेवता झोपले.

आता या सेक्रेटरीची रीत सांगते. सभेला पुरेशी माणसं जमली नाहीत तर अर्धा तास थांबायचं आणि मग आहेत तेवढ्यांत सभा उरकायची असा नियम होता. या बेरक्याने सभा ठेवली रविवारी सकाळी, टीव्हीवर देवाची मालिका लागायची नेमकी त्या वेळी. त्या वेळात बिल्डिंगमध्ये कोणी दार उघडायचं नाही. बायका टीव्हीला हार घालायच्या, कोणी चप्पल घालून समोर बसायचं नाही. म्हणजे हा आणि याचे चार चमचे गच्चीवर बसणार आणि हवे ते ठराव करून घेणार. आदल्या वर्षी असंच करून त्याने गच्चीला कुलूप ठोकलं होतं, आणि बायका कुरडया-पापड गॅलरीत कसेबसे वाळवत होत्या.

पण दीडशहाणा एक गोष्ट विसरला. सभा गच्चीवर, आणि अँटेनाही गच्चीवर.

सभेपुरतं कुलूप काढलं होतं. बाबा बुटकीला काखेत घेऊन वर गेले. म्हणाले, जिच्यावर खटला तिने हजर राहायला हवं. मी सतरंजी घेऊन मागोमाग. सेक्रेटरी आणि त्याची माणसं टाकीच्या सावलीत चहा पीत घड्याळ बघत बसली. मी टाकीच्या मागे गेले आणि एकेक पाइप धरून अँटेनांची तोंडं फिरवली. आमची पहिली, म्हणजे कोणी नाव घ्यायला नको. गंजाने हात लाल झाले. काय सुख वाटलं म्हणून सांगू!

खालून आधी एक आरोळी आली, मग दुसरी, मग सगळी बिल्डिंगच बोंबलायला लागली. देव दिसायचे तिथे मुंग्या दिसायला लागल्यावर काय होणार? लुंगी सावरत पुरुष आले, पिठाच्या हाताने बायका आल्या, मागून पोरं. जो तो आपापल्या पाइपाला लटकून खाली ओरडत होता, आलं का? आलं का? एवढी पांगलेली गुरं बुटकीने जन्मात पाहिली नव्हती. ती बाबांच्या हातातून सुटली आणि कामाला लागली. कोणी जिन्याकडे वळला की टाचेला चावा. थोड्याच वेळात सगळे सतरंजीभोवती गोळा झाले होते, आणि अर्धा तासही भरला होता.

सेक्रेटरीला मागच्या सभेचे ठराव आणि आजचे विषय वाचायला लागलेच. गच्चीच्या कुलपाचा विषय आला तशी पापडवाली मंडळी उसळली. हा म्हणे, गेल्या सभेत ठराव झालाय. कुठल्या सभेत? कोण होतं? मग जी त्याची वाट लागली! कुलूप गेलं, जनावरबंदी गेली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई सेक्रेटरी झाल्या. आईने माझे लाल हात पाहिले आणि पुसायला आपला पदर पुढे केला.

तो फाइल उचलून जिन्याकडे निघाला. बुटकीने लगेच त्याची टाच धरली आणि त्याला परत सतरंजीपाशी आणलं. तो पुन्हा निघाला, तिने पुन्हा आणलं. तिला काय ठाऊक तो कोण? तिच्या लेखी कळपातलं एक जनावर निसटत होतं. पोरं खिदळायला लागली. तो बाबांना म्हणाला, "तुमच्या कुत्रीला आवरा."

बाबा उठत होते. मी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

"कोणाच्या कुत्रीला? हिला कोणी मालक नाही. तुम्हीच सांगितलं होतंत."

गाडीची गोष्ट बिल्डिंगला माहीत होती, पण त्याच्या तोंडावर कोणी काढली नव्हती. तो खाली बघत पुटपुटला, यांची आहे.

मी म्हटलं, मागे ऐकू नाही गेलं.

"यांची आहे," तो मोठ्याने म्हणाला. "ही यांची कुत्री आहे."

तेव्हा कुठे मी बाबांचा सदरा सोडला, आणि त्यांनी तिला उचललं.